दाते मोजणारा कारकून: पिकअपचा स्पीड सेन्सर ओळखायचा, तपासायचा आणि बदलायचा कसा

गाडी रस्त्याने व्यवस्थित पळतेय, पण स्पीडोमीटरचा काटा शून्यावर पडून आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर तो एकाच गिअरमध्ये अडून बसलाय, नाहीतर धक्के देत गिअर बदलतोय. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. अशा वेळी कुणीही सहज सांगून जातं, ‘स्पीड सेन्सर गेलाय, नवा टाका.’ कधी ते बरोबर निघतं. पण बऱ्याचदा नवा सेन्सर बसतो आणि काटा होता तिथेच राहतो. माझ्या बाबतीत पहिल्याच वेळी तसं झालं होतं. ते पुढे सांगतो.

पिकअपखाली पहिल्यांदाच शिरणाऱ्यासाठी हे लिहिलंय. एक मल्टिमीटर, एक साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र), भक्कम जॅक स्टँडची जोडी आणि पान्यांचा संच, एवढ्यात यातलं सगळं काम होतं.

सेन्सरला वेग कळत नाही

पुढची सगळी तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून आधी ती नीट समजून घ्या. नाव स्पीड सेन्सर असलं तरी त्याला वेग कळत नाही. त्याच्यासमोर एक दातेरी चक्र फिरत असतं आणि किती दाते समोरून गेले एवढंच तो सांगतो. बाकी सगळा हिशेब दुसरं कुणीतरी करतं: इंजिनचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), गिअरबॉक्सचा कंट्रोलर किंवा एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) मोड्यूल. सेन्सर म्हणजे दारात बसून आत येणारी माणसं मोजणारा कारकून. माणसं कुठून आली, कशाला आली, त्याला पत्ता नसतो.

जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये एक कायमचा चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेची गुंडाळी असते. लोखंडी दाता चुंबकासमोर आला की चुंबकीय क्षेत्र बदलतं, दाता पुढे सरकला की पुन्हा बदलतं, आणि प्रत्येक बदलाला गुंडाळीत थोडा व्होल्टेज तयार होतो. त्यामुळे या सेन्सरला बाहेरून वीज द्यावी लागत नाही. दोनच वायरी असतात आणि बाहेर येतो तो एसी करंट, सायकलच्या डायनामोसारखा. एक उणीव मात्र आहे. चक्र जितकं हळू, तितका व्होल्टेज कमी. गाडी अगदी रांगत असेल तर सिग्नल इतका क्षीण होतो की ईसीयूला तो दिसतच नाही.

दुसरा प्रकार हॉल सेन्सरचा. याला तीन वायरी: एक वीज पुरवणारी, एक अर्थची, एक सिग्नलची. याच्या आत छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि बाहेर येणारा सिग्नल चौकोनी असतो, म्हणजे एकतर चालू नाहीतर बंद, मधलं काही नाही. चक्र कितीही हळू फिरलं तरी याचा सिग्नल तेवढाच जोरकस राहतो. अलीकडच्या गाड्यांत चाकांपाशी जे सेन्सर असतात त्यात दोनच वायरींचा पण आतून इलेक्ट्रॉनिक असलेला प्रकारही सापडतो. तो व्होल्टेजऐवजी करंट बदलून बोलतो: साधारण ७ मिलीअँपिअर आणि १४ मिलीअँपिअर अशा दोन पातळ्या. वायरी दोनच आहेत म्हणून हा जुन्या पद्धतीचा असं समजू नका, पुढे मीटर लावताना फसाल.

आता हिशेब एकदा कागदावर करून बघू. समजा टायर २६५/७० आर १७ आहे. टायरची रुंदी २६५ मिमी, तिच्या ७० टक्के म्हणजे १८५.५ मिमी बाजूची उंची. वरची आणि खालची मिळून ३७१ मिमी. १७ इंची रिम म्हणजे ४३१.८ मिमी. एकूण व्यास ८०२.८ मिमी, घेर साधारण २.५२ मीटर. एका किलोमीटरला हे चाक सुमारे ३९६ वेळा फिरेल. डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना शक्ती वाटणाऱ्या गिअरपेटीचं) गुणोत्तर ३.७३ असेल तर तेवढ्या अंतरात प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून तिथपर्यंत शक्ती नेणारा लांब दांडा) जवळजवळ १,४७९ वेळा फिरतो. शाफ्टवरच्या चक्राला ४० दाते असतील तर एका किलोमीटरला सुमारे ५९ हजार दाते सेन्सरसमोरून जातात. ताशी ६० किमीने जाताना सेकंदाला साडेनऊशेच्या वर. (गाडीच्या वजनाने टायर खाली थोडा चपटा होतो, त्यामुळे प्रत्यक्षातला घेर कागदावरच्यापेक्षा किंचित कमी भरतो.)

या हिशेबात टायरचा आकार आहे, डिफरन्शियल आहे, दात्यांची संख्या आहे. यातलं एकही सेन्सरला माहीत नाही. म्हणून ‘वेग चुकीचा दाखवतोय’ अशी तक्रार आली की मी आधी विचारतो: मोजणं बंद पडलंय, मोजणं चुकतंय की हिशेब चुकतोय? पहिल्या दोन दुखण्यांत गाडीखाली शिरावं लागतं. तिसऱ्यात बहुतेकदा लागत नाही.

कुठे शोधायचा

खूप जुन्या गाड्यांत सेन्सर नव्हताच. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला नायलॉनचं छोटं चक्र असायचं आणि तिथून स्पीडोमीटरपर्यंत आत फिरणारी तार असलेली केबल. या केबलचा वेगही ठरलेला होता. अमेरिकन गाड्यांत मैलाला १,००० फेरे, जपानी पद्धतीत ताशी ६० किमीला मिनिटाला ६३७ फेरे. पुढे केबल गेली, पण कित्येक गाड्यांत तेच नायलॉनचं चक्र तसंच ठेवून केबलच्या जागी सेन्सर बसवला गेला. तुमच्या सेन्सरच्या टोकाला प्लास्टिकचं दातेरी चक्र दिसलं तर तो या घराण्यातला.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपमध्ये पहिल्यांदा गिअरबॉक्सच्या शेपटाकडे बघा, जिथून प्रोपेलर शाफ्ट निघतो तिथे. फोर बाय फोर असेल तर सेन्सर बहुतेक वेळा ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या टोकावर सापडतो. तो तिथे असण्याला कारण आहे. ‘फोर लो’ (चारही चाकं, हळू पण जोरदार) टाकलं की ट्रान्सफर केसच्या आधीचा शाफ्ट आणि नंतरचा शाफ्ट वेगवेगळ्या वेगाने फिरतात. सेन्सर नंतरच्या शाफ्टवर असला की हिशेबात वेगळी दुरुस्ती करावी लागत नाही. काही गाड्यांत तो मागच्या डिफरन्शियलच्या माथ्यावर असतो; फोर्डच्या १९९०च्या दशकातल्या एफ-१५० मध्ये तो तिथेच सापडतो, आणि मागच्या चाकांच्या एबीएसलाही तोच माहिती पुरवतो.

नव्या गाड्यांत शोधाशोध करून स्वतंत्र स्पीड सेन्सर सापडणारच नाही, कारण तो नसतोच. चारही चाकांपाशी एकेक सेन्सर असतो, एबीएसचा मोड्यूल त्यांच्यावरून वेग काढतो आणि गाडीच्या नेटवर्कवरून सगळ्यांना कळवतो. किंवा गिअरबॉक्सच्या आऊटपुट शाफ्टवरचा सेन्सरच वेगाचं काम उरकतो. म्हणून कुठलाही भाग मागवण्याआधी तुमच्या मॉडेलचं आणि वर्षाचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा.

एक सावधगिरी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर सहसा दोन स्पीड सेन्सर असतात: एक आत येणारा वेग मोजणारा, दुसरा बाहेर जाणारा. दिसायला जुळे भाऊ. कंट्रोलर दोघांचं गुणोत्तर काढून कुठला गिअर खरंच लागलाय आणि क्लच घसरतोय का ते पाहतो. स्कॅनरवर पी ०७१५ आला तर तक्रार आत येणाऱ्याची, पी ०७२० आला तर बाहेर जाणाऱ्याची. कोड एकाचा आणि बदलला दुसरा, असं चांगल्या अनुभवी हातांकडूनही होतं.

एका आकड्यावर किती जण जगतात

स्पीडोमीटर आणि ओडोमीटर हे सगळ्यांना माहीत असतात. पण सिग्नल गेल्यावर सगळ्यात जास्त हाल होतात ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे. गिअर कधी बदलायचा हे तो दोन गोष्टींवरून ठरवतो: पाय अ‍ॅक्सिलरेटरवर किती आहे आणि गाडी किती वेगात आहे. दुसरी गोष्टच नाहीशी झाली की तो घाबरून एक सुरक्षित गिअर धरून बसतो. टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लचही (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) मग लागत नाही. इंजिनचे फेरे उगाच चढे राहतात आणि तेल तापतं. मागे ओझं असताना हे फार वेळ चालू देऊ नका.

क्रूझ कंट्रोल लागत नाही, हे तर ओघानेच आलं. वेगानुसार हलकं-जड होणारं पॉवर स्टिअरिंग विचित्र वागतं. काही गाड्यांत ‘फोर लो’ला परवानगीच मिळत नाही, कारण गाडी थांबलीय की नाही हे कंट्रोलरला ठरवता येत नाही. पाय काढल्यावर पेट्रोल-डिझेल तोडायचं की नाही, यालाही वेग लागतो. म्हणून जुन्या काही गाड्या चौकातल्या लाल दिव्याला थांबता थांबता बंद पडतात.

वेगमर्यादेचं थोडं वेगळं आहे. पिकअपला कारखान्यातून कमाल वेगाची मर्यादा घातलेली असते ती टायरच्या क्षमतेमुळे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. दुसरं कारण म्हणजे लांबलचक प्रोपेलर शाफ्ट. ठराविक फेऱ्यांच्या पुढे लांब शाफ्ट मधोमध लवून दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखा झोके घेऊ लागतो, आणि मग तो तुटायला वेळ लागत नाही. म्हणजे हा छोटासा सेन्सर शाफ्टचा राखणदारही आहे. सिग्नलमध्ये खोटे दाते मिसळले तर ईसीयूला गाडी भलत्याच वेगात आहे असं वाटून तो चढावर मध्येच इंधन तोडू शकतो. असा झटका बसला की सगळे डिझेल फिल्टरवर संशय घेतात.

पायरी पहिली: खाली शिरण्याआधी स्कॅनर

१९९६पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांना आणि नंतर जवळजवळ सगळीकडच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. कोड वाचा आणि लिहून ठेवा. लगेच पुसू नका. पी ०५०० म्हणजे वेगाच्या सिग्नलच्या सर्किटमध्ये बिघाड. पी ०५०१ म्हणजे सिग्नल येतोय पण पटण्यासारखा नाही. पी ०५०२ म्हणजे सिग्नल फार कमी, पी ०५०३ म्हणजे मधूनमधून किंवा वेडावाकडा. पी ०७२२ म्हणजे गिअरबॉक्सच्या आऊटपुट सेन्सरकडून काहीच येत नाही. हे कोड बिघाडाचा मोहल्ला सांगतात, घर नंबर सांगत नाहीत. ‘सेन्सर बदला’ असं कुठल्याच कोडमध्ये लिहिलेलं नसतं.

मग स्कॅनरवर लाइव्ह डेटामध्ये वाहनाचा वेग लावा आणि एक चक्कर मारा. शेजारी कुणाला तरी बसवा आणि आकडे त्यांना वाचू द्या, तुम्ही रस्ता बघा. फोनवर जीपीएसचा वेगही लावून ठेवा. आता तीन आकडे हाताशी आहेत: काटा, स्कॅनर, जीपीएस.

स्कॅनर आणि जीपीएस जुळतात आणि फक्त काटा मेलेला आहे, तर सेन्सर निर्दोष. दुखणं मीटरच्या आत आहे. काटा फिरवणारी छोटी मोटर किंवा तिचे टाके. खाली शिरायची गरज नाही.

काटा आणि स्कॅनर दोन्ही शून्य असतील तर मोजणी बंद पडलीय. दोन्ही उड्या मारत असतील तर मोजणी चुकतेय.

दोन्ही स्थिर आहेत पण जीपीएसपेक्षा ठराविक टक्क्यांनी पुढेमागे, तर हिशेब चुकतोय. असं ज्यांचं निघेल त्यांनी सरळ या लेखाच्या शेवटच्या भागावर जावं. मात्र काटा दोन-चार किमी जास्त दाखवत असेल तर तो बिघाड धरू नका. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ प्रमाणे मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर चालतं, दहा टक्के आणि वर थोडे किलोमीटर एवढी सूट आहे. त्यामुळे बनवणारे काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. कित्येक गाड्यांत स्कॅनरचा आकडा काट्यापेक्षा खऱ्या वेगाच्या जास्त जवळ असतो तो यामुळेच.

पायरी दुसरी: डोळे आणि बोटं

सपाट, घट्ट जमीन. एक्झॉस्ट थंड झालेला. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. मग मागचा भाग उचलून जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. इथे नवखे एका गोष्टीत फसतात. पिकअपचा हँडब्रेक सहसा मागच्या चाकांवर असतो आणि ऑटोमॅटिकचं ‘पार्क’ही साध्या टू-व्हील ड्राइव्हमध्ये मागच्याच चाकांना धरतं. मागची चाकं हवेत गेली की हे दोन्ही आधार गेले. गाडी धरून ठेवतात ते फक्त पुढचे ठोकळे. ते लाकडाच्या तुकड्यांवर भागवू नका.

आता मीटर बाजूला ठेवा आणि वायरीवरून बोट फिरवा. सेन्सरच्या कपलरपासून (वायर जोडायच्या प्लगपासून) सुरू करून चेसिसपर्यंत, पुढे जमेल तिथपर्यंत. कपलर उघडा. आत हिरवट पावडर म्हणजे गंज. तेलाचा ओघळ म्हणजे सेन्सरच्या आतून तेल झिरपतंय. एखादी पिन मागे सरकली असेल तर कपलर ‘टक’ आवाज करून बसतो आणि तरीही जोडणी होत नाही.

माझ्या पहिल्या गाडीत सेन्सर मागच्या डिफरन्शियलवर होता. रिकामी असताना काटा छान चालायचा, मागे माल भरला की काही अंतरावर मरायचा. मी नवा सेन्सर टाकला, फरक शून्य. मग आणखी एक टाकला, कारण पहिला ‘डुप्लिकेट असेल’ असं माझं मीच ठरवलं. शेवटी कंटाळून वायर हातात घेऊन चाळवत बसलो, तेव्हा एका जागी ती नको तितकी मऊ लागली. वरचं प्लास्टिक अखंड, आतली तांब्याची तार तुटलेली. चेसिसवरून धुरीवर (अ‍ॅक्सलवर) उतरताना वायर जिथे वाकते, नेमकी तिथे. ओझं पडलं की धुरी आणि चेसिसमधलं अंतर कमी व्हायचं, वायर जास्त वाकायची आणि तुटलेली टोकं एकमेकांपासून सुटायची. अर्ध्या इंचाच्या तुकड्याने मला दोन सेन्सर विकत घ्यायला लावले. तेव्हापासून हलणाऱ्या भागावरून न हलणाऱ्या भागावर जाणारी वायर मी आधी चाचपतो.

या सिग्नलच्या दोन वायरी बहुतेक गाड्यांत एकमेकींभोवती पीळ देऊन नेलेल्या असतात. तो पीळ शोभेसाठी नसतो. अल्टरनेटर आणि इग्निशनची विजेची गडबड त्यामुळे दोन्हींवर सारखीच पडते आणि आपोआप कटते. जोड देताना पीळ सोडून दोन वायरी लांब सरळ ठेवल्या की गाडी उभी असताना काटा थरथरण्याचा नवा आजार सुरू होऊ शकतो. बाहेरून लावलेले इन्व्हर्टर आणि दिव्यांच्या वायरीही याच्यापासून लांब न्या.

पायरी तिसरी: मल्टिमीटर

जुन्या पद्धतीचा दोन वायरींचा सेन्सर असेल तर इग्निशन बंद करून कपलर काढा आणि सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. गाडीनुसार आकडा दोनेकशे ओहमपासून दोन हजारांच्या आसपासपर्यंत कुठेही असू शकतो, नेमका मॅन्युअलमध्ये. मीटरने अनंत दाखवलं तर आतली तार तुटलीय. शून्याजवळ दाखवलं तर आत शॉर्ट आहे. आकडा बरोबर आला म्हणून मात्र सेन्सर पास झाला असं नाही.

खरी परीक्षा फिरवून होते. मीटर एसी मिलीव्होल्टवर ठेवा, दोन टोकं सेन्सरला लावा, गिअर न्यूट्रलला, आणि प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवा. चाक फिरवू नका. दोन्ही मागची चाकं हवेत असताना एक चाक फिरवलं की डिफरन्शियलमुळे समोरचं चाक उलटं फिरतं आणि शाफ्ट जागचा हलत नाही. नवखा माणूस तेवढ्यावरून सेन्सर मेला असं ठरवतो. शाफ्टच पकडा. (सेन्सर ट्रान्सफर केसच्या आधी असेल तर ट्रान्सफर केस ‘टू हाय’मध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं चालवणाऱ्या नेहमीच्या स्थितीत, असल्याची खात्री करा.) हळू फिरवलं तर आकडा काही मिलीव्होल्टने डुलेल. झटक्याने फिरवलं की तो उसळी घेईल. वेगाबरोबर वाढणारा हा आकडा दिसला की सेन्सर जिवंत आहे. इंजिन चालू करून, गिअर टाकून, फिरत्या शाफ्टखाली झोपून ही चाचणी कधीही करू नका.

तीन वायरींच्या हॉल सेन्सरला ओहम मोजायला जाऊ नका, त्यातून काही कळत नाही. इग्निशन चालू, इंजिन बंद, कपलर जोडलेला. मागच्या बाजूने बारीक पिन घालून आधी पुरवठा बघा: गाडीनुसार ५, ८ किंवा १२ व्होल्ट. मग अर्थ. हे दोन्ही ठीक असतील तर सिग्नलच्या वायरीवर डीसी व्होल्ट लावून शाफ्ट अगदी सावकाश फिरवा. आकडा शून्याजवळून वर आणि वरून शून्याजवळ असा उड्या मारला पाहिजे. पुरवठाच नसेल तर फ्यूज आणि वायरिंगकडे वळा. सेन्सर बिचारा उपाशी आहे.

चाकाजवळचा दोन वायरींचा इलेक्ट्रॉनिक सेन्सर साध्या मीटरने पारखायच्या भानगडीत नवख्याने पडू नये. स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकत्र लावा, कमी वेगात सरळ रेषेत चालवा आणि बाकी तिघांपासून फटकून वागणारा कोण ते बघा.

सेन्सरकडून सिग्नल निघतोय पण स्कॅनरवर काही येत नाही, तर राहिली ती वायर आणि ईसीयू. सेन्सरच्या कपलरपासून ईसीयूच्या पिनपर्यंत दोन्ही टोकं सोडवून कंटिन्युइटी (वायर आतून अखंड आहे का) तपासा आणि तपासताना वायर हलवत राहा. ईसीयूला दोष देणं सगळ्यात शेवटी.

पायरी चौथी: काढणं आणि बसवणं

सेन्सरभोवतीची धूळ आधी ब्रशने आणि क्लीनरने स्वच्छ करा, नाहीतर ती सरळ गिअरबॉक्समध्ये पडेल. खाली ट्रे ठेवा, थोडं तेल येतं. बोल्ट सहसा एकच असतो. तो निघाला तरी सेन्सर निघत नाही, कारण ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) वर्षानुवर्षं चिकटलेली असते. डावीकडे-उजवीकडे थोडं थोडं फिरवत सोडवा. पेचकसाने उपटलं तर डोकं हातात येतं आणि उरलेलं प्लास्टिक भोकात राहतं, आणि मग तासाभराचं काम दिवसाचं होतं.

बाहेर आल्यावर सेन्सरचं टोक उजेडात धरा. चुंबकावर करड्या रंगाची, मलमासारखी बारीक लेप असते. बोटांत चोळली तर गुळगुळीत लागते. ही गिअरची नेहमीची झीज आहे, पुसून टाका. लेप फार जाड असेल तर नुसता पुसून जुना सेन्सर परत बसवला तरी सिग्नल सुधारतो, हे मी पाहिलंय. पण त्यात चमकणारे कण किंवा बोटाला टोचणाऱ्या कपच्या निघाल्या तर सेन्सर विसरा. आत काहीतरी मोडतंय, तेल काढून बघावं लागेल. टोकावर घासल्याची चकचकीत खूण असेल तर चक्र आणि सेन्सर एकमेकांना भिडतायत, म्हणजे बेअरिंगमध्ये खेळ आलाय. दोघांत मिलीमीटरच्या आसपास फट असायला हवी. भोकातून टॉर्च मारून शाफ्ट एक पूर्ण फेरा फिरवा आणि सगळे दाते शाबूत आहेत का बघा. एक दाता तुटका असेल तर काटा प्रत्येक फेऱ्याला अडखळतो.

नायलॉनचं चक्र असलेला सेन्सर असेल तर जुनं चक्र नव्यावर चढवायचं असतं, बहुतेक नव्या सेन्सरसोबत ते येत नाही. दाते मोजून ठेवा आणि बारीक क्लिप हरवू नका.

नव्या ओ-रिंगला गिअरबॉक्समध्ये चालतं तेच तेल बोटाने लावा. जुनी ओ-रिंग भोकात चिकटून राहिली नाही ना, ते बघा. दोन एकावर एक बसल्या तर सेन्सर तिरका राहतो आणि तेल गळतं. सेन्सर हाताने दाबून पूर्ण टेकला पाहिजे. बोल्टने ओढून बसवू नका, हातोडी तर नकोच. बोल्टचा कस (टॉर्क) १० न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाने दिलेला. बाहेरचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आटे सहज जातात.

चाकाच्या हबवरच्या सेन्सरचं थोडक्यात: गंजाने त्याची बैठक फुगते, सेन्सर वर उचलला जातो आणि फट वाढते. मग थांबण्याच्या अगदी आधी, कोरड्या रस्त्यावर एबीएस उगाच थरथरतो. बैठक घासून स्वच्छ केल्याशिवाय नवा सेन्सर टाकण्यात अर्थ नाही. काही बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. तिच्याजवळ चुंबकाचं टोक असलेली हत्यारं नेऊ नका आणि बेअरिंग उलटं बसवू नका.

गाडी खाली उतरवल्यावर तेलाची पातळी बघा, कोड पुसा आणि पुन्हा तीन आकड्यांची चक्कर मारा. ऑटोमॅटिकमध्ये पहिले काही किलोमीटर गिअर जरा चाचपडत पडले तर लगेच घाबरू नका, कंट्रोलर सावरत असतो.

हिशेबच चुकत असेल तर

टायर बदलले की हे हमखास होतं. वरच्याच गाडीला २८५/७५ आर १७ टायर टाकले तर व्यास ८५९.३ मिमी होतो, म्हणजे साधारण ७ टक्के जास्त. सेन्सर तेवढेच दाते मोजतो, पण प्रत्येक फेऱ्याला गाडी जास्त पुढे जाते. मीटर ६० दाखवेल तेव्हा खरा वेग ६४ असेल. ओडोमीटर १,००० किमी म्हणेल तेव्हा गाडी १,०७० किमी धावलेली असेल. मोठे टायर टाकल्यावर ‘अ‍ॅव्हरेज पडला’ अशी जी ओरड होते त्यातला काही भाग हाच: इंधन खरं मोजलं जातं, अंतर कमी मोजलं जातं.

डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.७३ वरून ४.१० केलं तर उलटं घडतं. त्याच अंतराला प्रोपेलर शाफ्ट जवळजवळ १० टक्के जास्त फिरतो. सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर ६० च्या जागी ६६ दिसतील. सेन्सर चाकांपाशी असेल किंवा डिफरन्शियलच्या मोठ्या गिअरबरोबर फिरणाऱ्या चक्रावर असेल तर काहीच फरक पडणार नाही, कारण तो गुणोत्तराच्या पलीकडे बसलाय. सेन्सर कुठे आहे हे आधी शोधायला सांगितलं ते यासाठीही. टायर आणि गुणोत्तर दोन्ही वरच्यासारखे बदलले तर चुका एकमेकींना जवळपास खातात आणि मीटर फक्त पावणेतीन टक्के पुढे राहतं.

दुरुस्ती गाडीच्या वयावर ठरते. नायलॉनच्या चक्राच्या गाडीत कमी-जास्त दात्यांचं चक्र घालायचं. नंतरच्या गाड्यांत टायरचा घेर आणि गुणोत्तर स्कॅनरने कंट्रोलरमध्ये भरायचं. साध्या स्कॅनरने हे होत नाही, लिहू शकणारा लागतो. ते केल्यावर जीपीएसशी ताळा घ्या, आणि टायर नवे असताना घेतलात तर ते ध्यानात ठेवा: ८०० मिमीच्या टायरचा माथा प्रत्येक बाजूने सात-आठ मिमी झिजला की घेर पावणेदोन ते दोन टक्के आपोआप कमी होतो, आणि काटा तेवढाच पुन्हा पुढे सरकलेला दिसतो.